विटेचा शेक

कोल्हार, बुधवार, १२ जानेवारी १९७२

आज लिहायला बसले, कारण सकाळी टाच जमिनीला टेकेना आणि मी सासूबाईंसमोर रडले. या वयात.

डॉक्टर म्हणतात, घरातही मऊ चप्पल घाला. सासूबाईंचा उपाय वेगळा. रोज संध्याकाळी चुलीत वीट तापवायची, वर रुईचं पान ठेवायचं आणि माझी टाच स्वतः त्यावर दाबून धरायची. बरं वाटतं, नाकारत नाही. पण तासाभराने मी पुन्हा त्याच गार फरशीवर अनवाणी. मग वीट कशासाठी? उद्या पुन्हा उभं राहता यावं म्हणून?

आज चप्पल घालूनच स्वयंपाकघरात गेले.

"सूनबाई, कॉलेज शिकलेल्या पायांना आमची फरशी टोचती व्हय?"

"टोचते."

"चुलीपाशी चपला चालायच्या न्हाईत. काढ, न्हाईतर कोठीच्या किल्ल्या दे."

धान्याची कोठी इतकी वर्षं मीच सांभाळली. चप्पल काढायला वाकलेसुद्धा. टाच नुसत्या विचाराने ठणकली.

कमरेच्या किल्ल्या काढून त्यांना दिल्या. त्यांनी फडक्यात गुंडाळलेली वीट माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "आता तुझी तूच शेक."