कापसाच्या ग्रहासाठी बंद केलेला पंखा

प्रति,
माननीय संचालक,
वेधशाळा, मुख्य इमारत.

विषय: तळघरातील पंखा व धोक्याची घंटा पुन्हा सुरू करण्याबाबत, ते तूर्त शक्य नसल्यास मला तळघराच्या दाराबाहेर बसू देण्याबाबत.

संदर्भ: माझ्या पहिल्या अर्जास आपल्या कार्यालयाने दिलेले उत्तर, ‘संबंधित कर्मचारी प्रशिक्षित असल्याने काळजीचे कारण नाही.’

महोदय,

१. ही घटना सन १९८६ ची आहे. त्या वर्षी मी आपल्याच वेधशाळेत मोजणी सहायक होते आणि माझे पती मेकॅनिक होते. आज ज्या तळघरात ताऱ्यांचा वर्णपट घेणारे नवे यंत्र आहे, तेथेच तेव्हा दुर्बिणीचा कॅमेरा चाचणीसाठी उतरवला होता. कॅमेरा गार ठेवण्यासाठी त्यात द्रवरूप नायट्रोजन ओतावा लागे. चित्रांत थरथर येते म्हणून विभागप्रमुखांनी खोलीतला पंखा बंद करायला लावला होता. भर दुपारी माझे पती आत गेले आणि ओतताना पिंप कलंडले. जमिनीवर पांढरे धुके पसरले आणि थोड्या वेळाने विरून गेले. धुके गेले म्हणजे धोका गेला, असे सगळ्यांनाच वाटले. माझे पती बुटाची नाडी बांधायला बसावे तसे खाली बसले आणि उठले नाहीत. ना खोकला, ना धडपड. भांडारपाल हसत म्हणाले, “अहो मेकॅनिक, इथेच डुलकी लागली की काय?” आणि त्यांना उठवायला आत गेले. तेही शेजारी कोसळले. मी काचेतून हे पाहिले आणि धावले, तेव्हा पहारेकऱ्याने मला वेणीला धरून मागे ओढले. “वहिनी, तिसरं मढं नको मला!” असे तो ओरडला. त्यानेच बाहेरच्या बटणाने पंखा लावला आणि दोन्ही दारे उघडली. भांडारपाल वाचले. माझ्या पतींना बाहेर आणेपर्यंत उशीर झाला होता.

२. सांडलेल्या नायट्रोजनचा जो वायू होतो त्याला वास नसतो, रंग नसतो. तो खोलीतला प्राणवायू हटवतो आणि माणसाला कळतही नाही. म्हणूनच त्यानंतर नियम झाला: पंखा कायम चालू, भिंतीवर प्राणवायू घटला की वाजणारी धोक्याची घंटा आणि काचेबाहेर दुसरा माणूस. निवृत्त होईपर्यंत हा नियम पाळलेला मी पाहिला आहे.

३. आता माझी नात, म्हणजे मुलीची मुलगी, आपल्याकडे ग्रहशोधाच्या कामावर आहे. दुसऱ्या एका ताऱ्याभोवती फिरणारा जो ग्रह आपल्या मंडळींना सापडला, त्याचे कौतुक ती जेवताना घास हातात धरून सांगते. तो ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो आणि त्यावरून तो किती मोठा ते कळते. आकाराने तो गुरूएवढा आहे. पण स्वतःच्या ओढीने तो ताऱ्याला जेमतेम हलवतो, म्हणजे वजन फारच थोडे. आत लहानसा गोळा आणि भोवती नुसता फुगलेला वायू. “आजी, तुझ्या उशीतला कापूससुद्धा ह्याच्यापेक्षा जड असेल गं,” असे ती म्हणाली. मी म्हटले, “मग उडून नाही का जात?” तर म्हणाली, “जातोय की! तारा त्याचा वायू हळूहळू पळवतोय. म्हणून तर आत्ताच वजन करायचं.” परदेशातील एका गटाचे म्हणणे आहे की तो ग्रह हलका वगैरे नाही, भोवतीच्या कड्यांमुळे मोठा भासतो. ते खोडून काढायला वजन अचूक हवे. येथपर्यंत मला आनंदच आहे.

४. परंतु ग्रह जितका हलका, तितकी ताऱ्याची हालचाल कमी आणि तितकी ती टिपणाऱ्या तळघरातील यंत्राला शांतता जास्त लागते. म्हणून प्रथम तळघरातील दिवे काढले. नात कपाळाला विजेरी बांधून उतरते. मग थरथर होते म्हणून पंखा बंद केला. मग घंटा काढली, कारण ती जुनी होऊन उगाच वाजे आणि दर वेळी दार उघडले की तापमान बिघडून आठवड्याचे काम फुकट जाई. नवी घंटा मागवली आहे, असे कळते. मग ऊब आत जाते म्हणून दाराची काच फोमने झाकली. आणि काच झाकल्यावर बाहेरच्या माणसाला दिसणार तरी काय, या विचाराने त्या माणसालाही वरच्या मजल्यावर दुसरे काम दिले.

५. सबब माझी नात त्या अंधाऱ्या, बंद खोलीत एकटीच नायट्रोजन ओतते. मी विरोध केला तर म्हणते, “ते तुझ्या काळचं झालं, आजी. आता पिंपं चांगली असतात.” पिंपे तेव्हाही चांगलीच होती. ती कामावर गेली की मी घरातला रेडिओ बंद ठेवते, फोन ऐकू यावा म्हणून. फोन वाजला की उचलण्याचे धैर्य होत नाही. परवा ती सँडलचा पट्टा लावायला दाराशी खाली बसली आणि मी किंचाळले. शेजारीण धावत आली. तिला काय सांगणार?

६. तरी विनंती की पंखा, घंटा व दुसरा माणूस पूर्ववत करावा. नवी घंटा येईपर्यंत तो दुसरा माणूस होण्यास मी तयार आहे. स्टूल घरून आणीन. माझ्या अंगाची ऊब यंत्राला बाधेल अशी शंका असल्यास नम्रपणे कळवते की या वयात माझे हातपाय उन्हाळ्यातही गार असतात. फोममधून तळहाताएवढी काच मोकळी करून द्यावी. तेही अशक्य असल्यास मी दारावर टकटक करीन आणि तिने आतून उत्तर द्यावे. टकटकीने तारा हलल्यासारखा दिसेल असे तज्ज्ञांचे मत पडल्यास मी नुसती हाक मारीन. उत्तर आले नाही तर मी आत धावणार नाही, पंखा लावून दारे उघडीन, असे लिहून देते. हे तोंडी सांगणे पुरेसे नाही, कारण मागच्या वेळी मी आपणहून थांबले नव्हते.

७. आपण नव्याने रुजू झाला आहात, म्हणून त्या दुपारच्या माणसांचे पुढे काय झाले ते कळवते. भांडारपाल जगले, पण पुढे त्यांना ओळखीच्या माणसांची नावे आठवेनात. बहिणीने त्यांना शेवटपर्यंत सांभाळले. विभागप्रमुखांना बढती मिळाली. दर वर्षी त्या तारखेला ते आमच्या घरी येत, खुर्चीच्या कडेवर बसत आणि चहा न घेता जात. पहारेकऱ्याने नोकरी सोडून सायकल दुरुस्तीचे दुकान काढले. ते आता त्याचा मुलगा चालवतो. कॅमेरा आपल्या दर्शनी दालनात काचेच्या कपाटात आहे. माझी मुलगी तेव्हा शाळेत होती. ती आजही या इमारतीच्या रस्त्याने जात नाही.

राहिली माझी नात. ती उद्या दुपारी पुन्हा आत जाणार आहे. तिच्याविषयी याहून अधिक लिहिण्याची पाळी माझ्यावर येऊ नये, एवढ्याचसाठी हा अर्ज.

आपल्या होकाराची वाट फाटकाशी उभी राहून पाहणारी,
(सही)
निवृत्त मोजणी सहायक
सोमवार, सकाळ

सोबत: जिना चढउतार करण्यास सक्षम असल्याचा डॉक्टरांचा दाखला.