घरातला कंट्रोल सॅम्पल

१६ फेब्रुवारी, रविवार
बायकोचं, म्हणजे मंगलाचं, पोट लहान करायचं ऑपरेशन होऊन सहा दिवस झाले. वजन १०४. हॉस्पिटलने दर महिन्याला भरायचा तक्ता दिलाय: जिना, बुटाची नाडी, घोरणं, गुडघे. जगणं किती सुधारलं ते कळावं म्हणून. ‘ऑपरेशन कशासाठी?’ या रकान्यात तिने लिहिलं: भावाच्या होडीत चढायचंय. भाऊ म्हणजे केळव्याचा दिनानाथ. चार वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला तिला होडीत चढता आलं नाही. आम्ही नारळ सोडून येईपर्यंत ती किनाऱ्यावर सगळ्यांच्या चपला धरून उभी होती. मी म्हणालो होतो, तासाभराचा तर प्रश्न आहे.

तारापूरच्या कारखान्यात वीस वर्षं लॅब बघतोय. प्रत्येक बॅचचा एक नमुना तुलनेसाठी बाजूला ठेवतात. तो बदलता कामा नये. घरात तो कंट्रोल सॅम्पल मी. वजन ८८.४. तपासणाऱ्याची सहीसुद्धा मीच केली. स्वतःचा नमुना स्वतःच तपासणं नियमात बसत नाही. पण रविवार आहे.

२३ मार्च
मंगलाचं जेवण चार चमच्यांत आटोपतं. सासूबाईंचा डबा मात्र केळव्याहून जुन्याच मापाने येतो. फोनवर म्हणाल्या, “पोरीला उपाशी मारता काय? एक तुकडा पन परत आला नाय पायजे.” नाही गेला. पापलेटचे सहा तुकडे. मग मनाला विचारलं, सॅम्पल बिघडला का? नाही. पानात काही न टाकणं हा त्याचा मूळ गुणधर्म आहे.

२० एप्रिल
मंगला तिसरा मजला न थांबता चढली. मी दुसऱ्यावर थांबलो, सोसायटीची नोटीस वाचायला. पाण्याच्या टाकीबद्दल होती, गेल्या दिवाळीतली. दोनदा वाचली. ती वरून म्हणाली, “अहो, पाठ झाली की या.”

१८ मे
तिने बुटाची नाडी स्वतः बांधली. दहापैकी दहा. मग माझीही बांधली, कारण माझ्या हातात पिशवी होती. पिशवी रिकामी होती, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

१५ जून
मंगलाचं घोरणं पूर्ण बंद. घरात घोरण्याचा आवाज येतो मात्र. तिने मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐकवला. उगम अज्ञात.

१३ जुलै, सकाळी ६.१०
चुकून काट्यावर पाय पडला. ९९.८. काटा बिघडलाय. तपासायला पाच किलो कोलमची बंद पिशवी ठेवली: ५.०. दोन ठेवल्या: १०.०. म्हणजे दुकानदार पिशवीत तांदूळ कमी भरतो. उद्या जाब विचारणार.

१४ जुलै
दुकानदाराने त्याच्या काट्यावर पिशवी ठेवून दाखवली. ५.०. मग म्हणाला, “साहेब, आता तुम्ही चढा.” मी घाईत होतो.

७ ऑगस्ट
मंगला ७६. उद्या दोघं होडीत. चढताना तिला हात मी देणार. सराव म्हणून खुर्चीवर चढून पाहिलं. खुर्ची जुनी होती.

८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा
मंगलाने होडीच्या काठावर दोन्ही हात टेकले आणि आत. मी हात पुढे करून उभा होतो. तो घ्यायला ती थांबली नाही.

मग मी. पहिल्या वेळी पायाखालची वाळू सरकली. दुसऱ्या वेळी लाट आली. तिसऱ्या वेळी होडीच माझ्याकडे कलली आणि पूजेचा नारळ घरंगळत माझ्या अंगावर. दिनानाथ म्हणाला, “भावोजी, तुमी ऱ्हावा. नारळ तेवडा वर द्या. तुमच्या नावाने आमीच सोडतो.”

मंगलाने वाकून आपल्या चपला माझ्या हातात दिल्या. तासाभराचा तर प्रश्न होता.

एक तास दहा मिनिटं. चपला धरून इतका वेळ उभं राहिलं की गुडघे दुखतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

होडी परत आली तेव्हा ती नखशिखांत भिजली होती आणि हसत होती. तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

घरी आल्यावर तिने काटा ओढून मला उभं केलं. कोऱ्या तक्त्यावर माझं नाव घातलं. वजन १०२.६. ‘कशासाठी?’ हा रकाना मला भरायला दिला. बराच विचार करून लिहिलं: चपला.

तपासणाऱ्याची सही तिने केली. नियमात बसतं.