फोर्ड, जीप आणि पाण्याची बाजू

बेलापूर, जिल्हा नगर
९ फेब्रुवारी १९४९

तीर्थरूप दाजींस,

शलमोनचा सलाम. देवाच्या दयेने इकडे सगळे धडधाकट आहेत (माझ्या डाव्या पायाचा अंगठा सोडून; त्यावर शाळेची घंटा पडली, पण घंटेला काही झालं नाही म्हणून कोणी चौकशी केली नाही). अक्काचा खोकला कसा आहे? मुंबईची हवा मानवत नसेल तर तिला इकडे पाठवा. इथे हवा भरपूर आहे, फक्त तिच्यात थोडी धूळ असते. तुमच्या मोटारीच्या सामानाच्या दुकानात उसंत मिळत नाही असं तिने लिहिलं होतं. वाचून फार बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. एलियाकाकांची कृपा तुम्ही नाताळात पाहिलीत. तिच्याशी लग्न व्हावं अशी माझी फार इच्छा आहे, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं; तुम्ही मात्र जेवताना सगळ्यांदेखत सांगितलंत. कृपा अजून हो म्हणालेली नाही, पण नाहीही म्हणालेली नाही, आणि ती ज्याला नाही म्हणते त्याला ते दोन गल्ल्यांपर्यंत ऐकू जातं, म्हणून मला आशा आहे. अडचण तिच्या वडिलांची. काका लढाईत इराकपर्यंत लष्करी लॉरी हाकून आले, येताना मिशा आणि शिस्त घेऊन आले, आणि आल्यावर एक जुनी फोर्ड मोटार घेऊन बसले. अशा माणसाकडे मुलगी मागायची म्हणजे आधी त्याच्या मर्जीत राहायला हवं. आणि मी गावाच्या सांगण्यावरून त्यांचाच न्याय करायला बसलो!

झालं असं, की यंदा जत्रेच्या तोंडावर बैलांना लाळखुरकूत झाली. पाटाच्या कडेने होणारी गाड्यांची शर्यत रद्द करायची वेळ आली. तेव्हा रंगनाथरावांनी (हे पुणतांब्याकडचे मोठे बागाइतदार, सैन्याच्या भंगारातून त्यांनी एक जीप आणली आहे आणि तिला दसऱ्याला झेंडूची माळ घालतात) तोडगा काढला, की बैल आजारी आहेत, मोटारी तर धडधाकट आहेत ना? काका लगेच तयार. शर्यत ती शर्यत, म्हणून नियम बैलांचेच ठेवले. शर्यतीचे पंच गहिनीनाथबाबा, तेही तेच. वेगळं काही ठरवायला हवं असं कोणाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, पण मला कोणी विचारलंच नव्हतं.

आता आपल्याकडचा बैलांचा नियम ऐका, कारण सगळं महाभारत त्यातच आहे. रस्त्याच्या डावीकडे पाट, उजवीकडे ऊस. मागच्याने हाळी दिली की पुढच्याने उसाकडे दाबायचं आणि मागच्याने पाण्याच्या बाजूने निघून जायचं. धावता बैल तहानेने पाण्याकडे ओढतो. तेव्हा ज्याला पुढे जायची घाई, त्यानेच पाटात पडायची जोखीम घ्यावी, असा पूर्वजांचा हिशेब. काकांनी मात्र सगळी हयात लष्करात काढली, आणि लष्करात पुढे जायचं ते उजवीकडूनच. काकांचे दोन्ही हात चाकावर लागतात, म्हणून रबरी भोंपू दाबायला शेजारी कृपा बसली होती. मारुतीच्या देवळापाशी तिने भोंपू दाबला. रंगनाथरावांनी हाळी ऐकली आणि वाडवडिलांच्या शिरस्त्याने जीप उसाकडे घेतली. त्याच क्षणी काकांनी शिस्तीने फोर्ड त्याच बाजूला घातली. फोर्डचा एक दिवा गेला, जीप सरळ उसात शिरली, आणि आत लपून ऊस खाणारी चार पोरं विनाकारण सापडली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही, पण अब्रूला मात्र दोन्हीकडे पोचा आला.

गहिनीनाथबाबांनी हात वर केले. "बैलाच्या मनातलं मला कळतं. ह्या लोखंडाच्या मनात काय हाय, मला न्हाई ठावं. मास्तरला बसवा." बापाने बायबलातल्या न्यायी राजावरून माझं नाव शलमोन ठेवलं, तेव्हापासून लोकांना वाटतं की न्याय मला जन्मतःच येतो. चावडीपुढे मला बाजेवर बसवलं. रंगनाथराव म्हणाले, "हाळी आली का उसाकडं दाबायचं. आमच्या आज्यानं त्येच केलं." काका म्हणाले, "तुमच्या आज्याच्या जीपला शिंगं हुती का?" मग दोघेही इतक्या मोठ्याने बोलू लागले, की बैलांची लाळ पडायची थांबली असं मला वाटलं. खरं सांगतो दाजी, काकांना निर्दोष सोडावं तर गाव म्हणणार, मास्तर मुलीसाठी विकला गेला. दोष द्यावा तर मुलगी गेली.

शेवटी भोंपूवाल्या साक्षीदाराला बोलावलं. कृपा पदर खोचून उभी राहिली आणि बापाकडे बघूनच म्हणाली, "भोंपू मीच दाबला. पन तवा आपलं म्होरलं चाक जीपच्या मागल्या चाकापतुर बी पोचलं नव्हतं, बाबा." जीपचा पोचाही मागच्या कोपऱ्यालाच होता. मग माझ्या तोंडून निर्णय निघाला तो असा: पुढच्याला पाठीला डोळे नसतात, मागच्याला समोर सगळं दिसतं, ज्याला दिसतं त्याने सांभाळावं. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या बसायच्या जागेपर्यंत पोचलं, तर वाट दोघांची आणि पुढच्याने दाबू नये. नाही पोचलं, तर वाट पुढच्याची. सबब दोष एलियाकाकांचा. काकांनी टोपी घातली आणि निघून गेले. कृपाही त्यांच्यामागे गेली. रंगनाथरावांनी घरी गुळाची ढेप पाठवली, ती मी परत पाठवली (आई असती तर म्हणाली असती, अर्धी ठेवून घ्यायची).

पुढच्या रविवारी उपासनेला आपल्या ख्रिस्ती देवळात काका मुद्दाम माझ्या मागच्या बाकावर बसले. पाठीला डोळे नसतात हे मीच सांगितलं होतं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती. त्या प्रार्थनेत मी कोणासाठी काय मागितलं, आठवत नाही. मग काल दुपारी ते शाळेतच आले. पोरांना सुट्टी दिली, फळ्याचे दोन डस्टर घेतले, एकाला फोर्ड केलं, एकाला जीप, आणि टेबलावर ती टक्कर इतक्या वेळा केली की खडूच्या धुळीने आम्ही दोघेही पांढरे झालो. दर वेळी दोष फोर्डचाच निघाला. शेवटी म्हणाले, "नियम मला आवडला न्हाई. पन बराबर हाय. मिल्ट्रीत समदे हुकूम असेच असायचे." दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, "तुमच्यात वडीलधारं कोन हाय? त्यांना म्हनावं, येऊन जा एकदा."

दाजी, मी एकटाच वर्गात नाचलो. अंगठ्याचं भान राहिलं नाही. बाप गेल्यावर माझं वडीलधारं म्हणजे तुम्हीच. तेव्हा अक्काला घेऊन याच. नाताळात जेवताना बोललात तसंच सगळ्यांदेखत बोला.

तुमचा
शलमोन

ता. क. एक गोष्ट लिहायची राहिली, खरं तर तीच लिहायला बसलो होतो. जाता जाता काका असंही म्हणाले, "पोरगी दिली, तर भोंपू कोन दाबील?" ते थट्टा करत नव्हते. तेव्हा येताना दुकानातून चालवणाऱ्याला स्वतःच्या अंगठ्याने वाजवता येईल असा बिजलीचा हॉर्न आणा. सगळं लग्न त्यावर अडलं आहे.

पुन्हा ता. क. पाकीट बंद करणार, तेवढ्यात कृपा दवाखान्यातलं काम आटोपून येता येता शाळेवर थांबली. म्हणाली, "बाबाला मी इचारलं. फुडच्या साली मोटार मी चालवनार, भोंपू त्ये दाबनार. व्हय म्हनले." मी विचारलं, आणि आपलं? तर म्हणाली, "दाजी कवा येनार?"

हॉर्न आणू नका. तुम्ही या.