कोरडं गोणपाट

आप्पा, तुम्ही गेल्याला सोळा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मला तुम्हाला काही लिहावंसं वाटलं नाही, आणि आता वाटतंय तेही काही चांगल्या कारणासाठी नाही. माझी नोकरी नेमकी काय आहे हे तुम्हाला कधी नीट कळलं नव्हतं. केंदूरला पारावर कुणी विचारलं, की "कारखान्याचं समदं त्याच्याच हातात हाय" म्हणून तुम्ही मोकळे व्हायचात. मी ऐकून हसायचो, पण मनातून सुखावायचो.

मी दौंड तालुक्यातल्या त्याच साखर कारखान्यात आहे. ऊसनोंदीचा सर्व्हर माझ्याकडे. कुणाचा ऊस कुठल्या गटात, लागण कधीची, हे सगळं त्यात असतं आणि त्यावरून कुणाची तोड आधी हे ठरतं. ते बुडालं तर हंगामच अडतो, म्हणून रोज संध्याकाळी सातला त्याची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर जाते. हे काम मी लिहिलेली स्क्रिप्ट करते, वीसेक ओळींची. शेवटच्या ओळीला ती माझ्या मोबाईलवर निरोप धाडते, "बॅकअप पूर्ण". पाच वर्षं मी तो निरोप वाचत आलो. त्या नकलेतली एखादी फाईल खरंच उघडते का, हे एकदाही बघितलं नाही. तुम्ही कांद्याचं बी डब्यात ठेवायचात आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठ दिवस मागच्या पडवीत ठेवायचात. "बी ठिवलंय म्हंजी बी हाय आसं न्हाई. उगावलं तर बी," हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पाठ असून काय उपयोग.

यंदा खंडेनवमीला आम्ही ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांची पूजा केली. सर्व्हर जागचा हलवता येत नाही, म्हणून मीच बाहेरची डिस्क सोडवून पाटावर ठेवली. आमच्या ऑफिसचे शिपाई, त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी तिला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. नंतर मी सांगितलं तशी त्यांनीच वायर पुन्हा खोचली. डिस्कचा दिवा लागला. मी पेढा खाल्ला आणि घरी आलो.

आप्पा, दिवा लागणं वेगळं आणि डिस्क सर्व्हरच्या ताब्यात येणं वेगळं. सोडवलेली डिस्क पुन्हा जोडून घ्यायला आमच्याकडे हाताने एक आज्ञा द्यावी लागते. ती द्यायचं काम माझं होतं आणि मी विसरलो. हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात सर्व्हरची आतली डिस्क कायमची बंद पडली. मला घाम फुटला नाही, कारण रोजचा निरोप होता ना. बाहेरची डिस्क लावून पाहिली तर शेवटची नक्कल खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळची.

तिच्यावरच स्क्रिप्टची प्रत होती. ती मी दुसऱ्या मशीनवर घेतली आणि एकेक ओळ चालवून बघत बसलो. आधी वाटलं तारखेचा घोळ असेल. मग वाटलं डिस्कवर लिहायची परवानगी नसेल. फाईली तर नीट जात होत्या, मग जात होत्या कुठे? अकराव्या ओळीला कळलं. ती ज्या फोल्डरमध्ये नक्कल टाकते, ते डिस्क जोडलेली असताना डिस्कवर उघडतं. जोडलेली नसताना ते त्याच सर्व्हरवरचं एक साधं रिकामं फोल्डर असतं. डिस्क आहे का, हे स्क्रिप्ट विचारतच नव्हती. सर्व्हरची नक्कल सर्व्हरच्याच पोटात टाकत होती, आणि शेवटची ओळ, मागे काहीही झालेलं असो, पूर्ण म्हणून सांगत होती. ती ओळ मीच लिहिली होती.

मोठ्या साहेबांनी कारण लेखी मागितलं. मी लिहिलं, साफसफाई करताना शिपायाकडून डिस्कची वायर सैल झाली. एवढंच. साहेबांनी मामांना बोलावलं तेव्हा मी तिथेच उभा होतो. मामा म्हणाले, "आसंल साहेब. मीच खोचली व्हती. माझाच हात लागला आसंल." गुडघे दुखतात म्हणून त्यांना ऑफिसात ठेवलेलं होतं. आता ते गेटवर असतात, ट्रॅक्टरच्या धुरळ्यात दिवसभर उभे. फील्डची माणसं पुन्हा बांधाबांधाने फिरून नोंदी घेतायत. करून सवरून नामानिराळा म्हणतात तो मी.

मला त्या वर्षीची पडवी आठवते. मी अकरावीत आहे. तुम्ही तळेगावच्या बाजाराला निघालाय, आणि जाता जाता सांगताय, आज आठवा दिवस, गोणपाट सोडून दाणे मोज. मी मोजत नाही. क्रिकेटला जातो. संध्याकाळी तुम्ही विचारता, "किती उगावलं रं?" मी म्हणतो, "पंच्याऐंशी." तुम्ही खूश होता आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या चार घरांना ते बी वाटता. डब्यात ओल शिरून बी खराब झालेलं होतं. चौघांच्या वाफ्यात रोप विरळ, मोजून घ्यावं इतकं विरळ उगवलं. ते चौघं आपल्या अंगणात आले तेव्हा मी दाराआड होतो. तुम्ही म्हणालात, "बी माझं, चूक बी माझी. दुसरं बी आणा, वाफं टाकाया मी येतो." आणि गेलातही, चौघांकडे, आपलं रोप मागे ठेवून.

त्याआधी एक गोष्ट झाली होती, ती आपण दोघांनी कधी काढली नाही. ती माणसं यायच्या सकाळी तुम्ही पडवीत गेलात. गोणपाट तसंच गुंडाळलेलं, सुतळी बांधलेली, वाळून कडक झालेलं. तुम्ही ते सोडलंत, दाण्यांकडे बघितलंत, झटकून खुंटीला टांगलंत. वळलात तेव्हा मी समोर होतो. तुम्ही म्हणालात, "च्या पिलास का?"

ते एक वाक्य आठवलं की मला आजही माझी लाज वाटते. शिव्या दिल्या असत्यात तर बरं झालं असतं.

स्क्रिप्ट आता मी दुरुस्त केली आहे. डिस्क नसेल तर ती थांबते आणि तसं कळवते. दर सोमवारी मी नकलेतली एक फाईल काढून, उघडून बघतो. काल गेटवर मामांनी हाक मारली. "साहेब, आता व्हतंय ना नीट?" मी म्हटलं, "होतंय, मामा." ते म्हणाले, "बरं झालं बाबा. माझ्या जिवाला घोर लागला व्हता." मी तिथेच मोटारसायकल उभी करून थांबलो. पुढचं वाक्य जिभेवर होतं. मागून ट्रॅक्टरवाल्यांनी हॉर्न वाजवला आणि मी निघालो. हॉर्न वाजला नसता तरी निघालोच असतो.

मी एकही दाणा मोजला नव्हता, आप्पा. तुम्हाला ठाऊक होतं, तरी हे मी पहिल्यांदाच कबूल करतोय, आणि तेही अशा माणसापाशी, जो काही विचारू शकत नाही. मामा विचारू शकतात, म्हणून आज मी मागच्या गेटने आत गेलो.