दोन वह्या शेजारी ठेवाव्यात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, प्रथिनांच्या स्फटिकांवर चौतीस वर्षे संशोधन केलेली आणि जवळजवळ तितकीच वर्षे ऑपेराच्या रंगमंचावर गायलेली, आज पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकणारे बहुतेक सगळे माझ्याआधीच गेले. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती भित्रेपणाने लिहिली होती.

कलम १. तिसऱ्या मजल्यावरचा माझा दोन खोल्यांचा फ्लॅट, पियानोसह, माझ्या भाचीला द्यावा. ती रसायनशास्त्र शिकते आणि गाते. तिचे वडील, म्हणजे आमचे मेहुणे, तिला ऊठसूट ऐकवतात, "एक काहीतरी नीट धर. एक ना धड, भाराभर चिंध्या!" माझ्या वडिलांनी मला हेच, याच सुरात ऐकवले होते. अट एकच: दोन्हींपैकी एक सोड, असे तिला सांगणाऱ्याला या घरात दुसऱ्यांदा चहा विचारू नये. मेहुण्यांना पहिला कप माफ.

पियानोची डावीकडून तिसरी पट्टी अडकते. दुरुस्तीवाल्याला बोलावू नये, तो चांगल्या पट्ट्याही बिघडवतो. बोटाने हलकेच वर उचलावी.

कलम २. बाकी जे काही निघेल ते धाकट्या बहिणीला. भांडी तिच्याचकडून आणलेली आहेत, हे तिला आठवत असेलच.

कलम ३. मी कधी नायिका झाले नाही. दासी, चेटकीण, नायकाची आई, पुन्हा चेटकीण. आवाज खालच्या पट्टीचा, आणि तालमीला वेळेवर पोचायची मारामार. दिग्दर्शक सगळ्यांसमोर म्हणायचे, "आल्या शास्त्रज्ञ बाई, ताटल्या धुऊन!" ते हयात असल्यास चेटकिणीची टोपी त्यांना द्यावी. त्यांच्या मापाची आहे.

कलम ४. प्रयोगशाळेचे प्रमुख, ज्यांना आम्ही मोठे साहेब म्हणायचो, त्यांनी नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मला खोलीत बोलावले. "दोन डगरींवर हात ठेवून चालायचं नाही. पुन्हा गाण्याचं कानावर आलं, तर जागा रिकामी करा." मी म्हणाले, "गाणं सोडलं, सर." आणि त्याच संध्याकाळी तालमीला गेले. साहेब आता नाहीत. त्यांच्यावरचा राग कोणाच्या नावे करायचा नाही, पण खोटे मी बोलले होते.

कलम ५. माझ्याकडे वह्यांचे दोन गठ्ठे आहेत. निळ्या वह्या प्रयोगांच्या. तपकिरी वह्या रियाजाच्या: कोणत्या दिवशी कुठे, किती वेळ गायले, गळा कसा होता. नोकरीत असेपर्यंत मी त्या वेगवेगळ्या कपाटांत ठेवल्या.

संस्थेच्या तळघरात स्फटिक वाढवायच्या दोन सारख्या खोल्या होत्या. दारे जाड, आवाज बाहेर जायचा नाही. दुपारच्या सुट्टीत मी माझ्या खोलीत प्रथिनाचे थेंब घातलेल्या काचेच्या ताटल्या मांडायची आणि तिथेच दार लावून गळा तापवायची. चोरून गायला याहून चांगली जागा नव्हती. त्या ताटल्यांतल्या थेंबांत जे स्फटिक उगवले, ते तोवर कोणालाच जमले नव्हते. माझे नाव झाले, पदक मिळाले.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने तोच प्रयोग, माझ्याच कृतीने, पलीकडच्या खोलीत साठ वेळा केला. थेंब पाणीच राहिले. त्यांचे नाव पडले 'पाणीवाले'. एका बैठकीत ते उभे राहिले. "माझ्या हाताला दोष नाही. यांच्या खोलीत काहीतरी आहे, जे कृतीत लिहिलेलं नाही." मोठे साहेब म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं!" सगळे हसले. मीही हसले. वर्षभरात ते संशोधन सोडून शाळेत शिकवायला गेले.

निवृत्तीनंतर सामान लावताना दोन्ही गठ्ठे एका टेबलावर आले. ज्या दिवशी तळघरात गायले, त्या दिवशीच्या ताटल्यांत स्फटिक. घसा बसला होता तो पूर्ण महिना, एकही नाही. माझ्या आवाजाने ताटल्या हलत होत्या आणि त्या हलण्याने स्फटिक धरत होते, अशी माझी खात्री झाली. मी दोन दिवस जेवले नाही. मग गठ्ठे कपाटात टाकले आणि नऊ वर्षे गप्प राहिले. याची मला लाज वाटते.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर दोन्ही वह्या शेजारी ठेवून छापाव्यात, असे इथे होते. ते मी खोडले आहे. झाले असे, की साक्षीदार म्हणून मी मुद्दाम पाणीवाल्यांना बोलावले. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, वाटले, वाचतील. त्यांनी वाचले आणि पेन खाली ठेवले.

"मेल्यावर कसली माफी मागता, बाई? तेव्हा मी भांडू कुणाशी? आणि वही म्हणजे पुरावा नव्हे. प्रयोग करा."

"आता आवाज राहिला नाही माझा."

"मग चेटकिणीचं गा. तिला कुठे चांगला आवाज लागतो?"

माझी जुनी विद्यार्थिनी आज संस्थेची प्रमुख आहे. तिने दोन्ही खोल्या दिल्या. अठ्ठेचाळीस ताटल्या पाणीवाल्यांनीच मांडल्या, अर्ध्या इकडे, अर्ध्या तिकडे. पाच दिवस मी एकाच खोलीत गायले. श्वास संपला तिथून भाचीने उचलले. सहाव्या दिवशी पाणीवाले सूक्ष्मदर्शकावरून बराच वेळ उठले नाहीत. मग चष्मा पुसत म्हणाले, "अंगण वाकडंच होतं की."

दुरुस्तीचा लेख काल पाठवला. पहिले नाव त्यांचे आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलबाई सांगतात. म्हणून पदक आजच त्यांच्या हातात दिले. ते माझ्या मालमत्तेत धरू नये.

वरील सर्व मी पुन्हा वाचले. एकही शब्द मागे घेत नाही.

ठिकाण: माझे जेवणाचे टेबल, वह्या बाजूला सारून
दिनांक: चौदा मार्च, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणारी: (सही) भाचीची मावशी

साक्षीदार पहिली: (सही) खालच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर. रियाजाबद्दल दोनदा तक्रार केली होती, ती मागे घेते.

साक्षीदार दुसरा: (सही) पाणीवाले. वाचून, समजून सही केली. हाताला दोष नाही.