सापडलेच न्हाई

लातूर, ३ मे १९८३

तीर्थरूप आईस,
सिंधुचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी बरी आहे. दुष्काळ आहे, पण खोलीपाशी टँकर येतो, काळजी करू नकोस. माहूरच्या आपल्या विहिरीला पाणी आहे का? तुझे गुडघे कसे आहेत?

नव्या जिल्ह्याच्या कचेरीत मला स्वातंत्र्यसैनिकांचे पेन्शनचे अर्ज तपासायचं काम दिलंय. सोमवारी रेणापूरची मल्लम्मा नावाची म्हातारी आली. रझाकारांच्या काळात ती भाकरीच्या टोपलीत काडतुसं लपवून सरहद्दीवरच्या आपल्या लोकांच्या कॅम्पात पोचवायची. मी जेलचा दाखला मागितला.

"सापडले असते तर दाखला मिळाला असता, बाई. मी सापडलेच न्हाई."

सगळे हसले. आई, मीही हसले आणि अर्ज परत दिला.

ती गेल्यावर कामात लक्ष लागेना. मोटारस्टँडवर धावत गेले, माफी मागितली. ती म्हणाली, "तुझ्या वयाची पोर हसणारच की." मला जास्तच लाज वाटली. तिथंच बाकावर बसून तिची हकीकत लिहून घेतली आणि दाखल्याविना अर्ज वर पाठवला. साहेब जरा रागावलेत, पण नोकरीला काही होत नाही.

अण्णांनी त्या वर्षी जंगलात काढलेले दिवस मी शाळेत भाषणात सांगायचे. तू चुलीपुढं तुझं सांगू लागलीस की मी "पुरे गं" म्हणून उठायचे. अण्णा जंगलात असताना एकटीनं घर कसं राखलंस, हे कधी विचारलंच नाही.

शनिवारी येतेय. सांगशील ना?

तुझी ओशाळलेली लेक,
सिंधु