एका भागात त्रेचाळीस ठोसे

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ७.१०
शाळेचा निरोप आला. शुक्रवारी बालदिनाला पालकांतर्फे मी बोलायचं. विषय : ‘पडद्यावरची हिंसा आणि बालमन’. हेडमास्तरांनी माणूस बरोबर निवडला. मोटार रिवाइंडिंग मी कुणाकडं शिकलो नाही. उघडून, वेढे मोजून शिकलो. बालमनही तसंच उघडणार.
त्याच दिवशी शाळा समितीचा अध्यक्ष निवडायचाय. रामेश्वर चार वर्षं बसलाय. बी.ए. असल्याचा लई माज.
संकल्प : आमच्या सुकन्येला (वय ९ वर्षे ४ महिने) कार्टून बंद.

दुपारी ४.००
भाषणाला आकडे पाहिजेत. म्हणून एक भाग स्वतः पाहिला. ठोसे ४३, लाथा १७, डोक्यात हातोडा ६. (एक निसटता. धरला नाही.)
उज्ज्वला म्हणाली, “दुकान कावून बंद हाय?” बायकोला संशोधन कळत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
एका भागावरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. आणखी नऊ पाहिले. सुकन्या दाराशी उभी. म्हणे, “पप्पा, मांजर मरत न्हाई. पुढं काय होतंय सांगू?”
सांगू नको म्हणून ओरडलो. केवळ प्रयोग बिघडू नये म्हणून.

बुधवार, १२ नोव्हेंबर
एकूण भाग ३१. शोध लागला : हिंसा बघून बघून मन दगड होतं. पुरावा मी स्वतः. सव्विसाव्या भागापासून काहीच वाटत नाही.
उद्या शेतात कंदुरी. आईनं नवसाचा बोकड बोललाय. दरवर्षी तो कापताना मी सरपण आणायला जातो (सरपण लागतंच). यंदा पाय मी धरणार. भाषणात हाच दाखला पहिला.
आई म्हणाली, “शहादेवा, तू आपलं सरपणच आण बाबा.”
सुकन्येनं यावं का? यावं. देवाचं काम आहे, ती हिंसा नव्हे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
११.०५ : पाय धरले. मागचे.
११.०६ ते ११.१९ : नोंद नाही.
११.१९ : डोळे उघडले. माझे पाय कंदुरीला आलेल्या रामेश्वरनं वर धरले होते. मी पडल्यावर बोकडाचे सुकन्येनं धरले, असं कळलं. नंतर रक्ताचं पातेलंही तिनंच नेलं. थेंब सांडला नाही. मुलाणीचाचा म्हणाले, “पोरगी लई धीराची हाय.” मग माझ्याकडं बघितलं आणि सुरी पुसत बसले.
कारणे : ऊन. उपाशी पोट. नवी चप्पल.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. दुपारी
आधी मुलांची भाषणं झाली. सुकन्येचा विषय ‘माझे पप्पा’. कालचं सगळं सांगितलं. “पप्पा पंधरा मिनटं उठलेच न्हाईत.”
मी उभा राहून दुरुस्ती केली : तेरा.
त्यानंतर सभा शांत झालीच नाही. माझं भाषण खिशातच राहिलं. हेडमास्तर डोळे पुसत होते. अध्यक्ष : रामेश्वर, पुन्हा.

संध्याकाळी ६.३०
कार्टून सुरू. बंदी मी उठवली नाही. कुणी विचारलंच नाही. सुकन्या मला चिकटून बसली. हाणामारी आली की माझ्या डोळ्यांवर हात ठेवते. “थांबा पप्पा. झालं की सांगते.”
हात लहान आहे. बोटांच्या फटीतून मोजले. ठोसे ७.